पावसाआधी लस: पुण्यातल्या कॉलेज-हॉस्टेलसाठी श्वसनविषाणूंच्या लसीकरणाचं मार्गदर्शन

पुण्यात फ्लूचा मोठा हंगाम पावसाबरोबर येतो. जून संपता संपता रुग्ण वाढायला लागतात, जुलै ते सप्टेंबर जोर असतो आणि जानेवारी ते मार्चच्या सुमाराला बऱ्याचदा दुसरी, लहान लाट येते. इंटरनेटवर शोधलं तर मात्र ‘फ्लूची लस ऑक्टोबरमध्ये घ्या’ असंच सगळीकडे सापडतं. तो सल्ला अमेरिका-युरोपच्या हिवाळ्यासाठी आहे. पुण्यातल्या मुलाने तो पाळला, तर त्याच्या दंडात सुई जाईपर्यंत गणपती विसर्जन होऊन गेलेलं असतं आणि हंगामाचा निम्म्याहून जास्त भाग त्याने बिनसंरक्षण काढलेला असतो.

मी एका कॉलेजच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून बसते. दरवर्षी जुलैच्या मध्यावर बाहेरच्या बाकावर तापलेली मुलं ओळीने बसलेली दिसतात आणि त्यांचा दिनक्रम विचारला की कारण लगेच कळतं. कॉट बेसिसवर एका खोलीत चार जण. सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एसी चालावा म्हणून खिडक्या बंद, खुर्चीला खुर्ची लागलेली आणि दहा-बारा तास तीच हवा. संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकाचा सराव, पावसात भिजून. ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी, छोट्या हॉलमध्ये रात्री उशिरापर्यंत. भिजल्याने फ्लू होत नाही, तो विषाणूने होतो, पण पावसामुळे माणसं आत कोंडली जातात आणि विषाणूला तेच सोयीचं असतं.

पुण्याला याची आठवण करून द्यायला नको. स्वाइन फ्लूने भारतातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये याच शहरात झाला, एका शाळकरी मुलीचा. शाळा-कॉलेजं बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. स्वाइन फ्लूचा तो एच१एन१ विषाणू कुठे गेलेला नाही. आता तो दरवर्षीच्या साध्या फ्लूच्या विषाणूंपैकी एक झाला आहे आणि फ्लूच्या प्रत्येक लसीत त्याच्याविरुद्धचा घटक असतो.

आधी ठरवा: कोणाला कशाची गरज

सगळ्यांना सगळ्या लसी लागत नाहीत. माझा क्रम असा.

फ्लूची लस पहिली, आणि ती दरवर्षी. विषाणू रूप बदलत राहतो आणि लसीने आलेली प्रतिकारशक्तीही काही महिन्यांत ओसरते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या लसीवर यंदा विसंबता येत नाही. निरोगी वीस वर्षांच्या मुलाने घेतली तर चांगलंच, पण काहींच्या बाबतीत मी आग्रहच धरते: दमा, मधुमेह, हृदयाचा किंवा किडनीचा आजार, बरंच जास्त वजन, थॅलेसेमिया, सिकलसेल, एचआयव्ही, कॅन्सरचे उपचार, बराच काळ चालू असलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या. गरोदर विद्यार्थिनी, प्राध्यापिका, कर्मचारी. साठीच्या पुढचे सगळे. वैद्यकीय, नर्सिंग आणि फिजिओथेरपीची जी मुलं वॉर्डात जातात, तीही. इनहेलर वापरणारी कितीतरी मुलं फॉर्मवर ‘कोणताही आजार नाही’ असं लिहितात, कारण दम्याला ती आजार मानतच नाहीत. रेक्टरनी हा प्रश्न वेगळा विचारावा: ‘तू कधी पंप वापरतोस का?’

अपेक्षा मात्र नीट ठेवा. लसीतले विषाणू आणि फिरणारे विषाणू जुळले, तर डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू होण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे लस घेऊनही काही जणांना फ्लू होणार. पण न्यूमोनिया आणि आयसीयूपर्यंत जाण्याची शक्यता घटते, आणि ज्यांच्यासाठी मी आग्रह धरते त्यांना तेच हवं असतं.

कोविडचं चित्र बदललं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पूर्वी डोस घेतलेल्या निरोगी तरुणाने आता पुन्हा पुन्हा डोस शोधत फिरण्याचं कारण नाही. वयस्कर, प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या आणि गरोदर व्यक्तींनी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

आरएसव्ही हा श्वसनविषाणू लहान बाळांना आणि म्हाताऱ्यांना त्रास देतो. त्यावरच्या लसी २०२३ पासून काही देशांत आल्या, त्या वयस्करांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी आहेत, विद्यार्थ्यांसाठी नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये ज्याची एवढी चर्चा झाली त्या एचएमपीव्ही या श्वसनविषाणूवर लसच नाही. कोणी ‘एचएमपीव्हीची लस’ म्हणून काही देऊ करत असेल, तर तिथून निघा.

गालगुंड, गोवर, कांजिण्या: हॉस्टेलचा विसरलेला भाग

हेही श्वासातून पसरणारे विषाणूच आहेत आणि हॉस्टेलमध्ये एकाला झाले की मजलाभर फिरतात. सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेला आहे, गालगुंड नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी. आज पदवीला असलेल्या अनेकांना ते शाळेत मिळालेलं इंजेक्शन आठवतं आणि त्यांना वाटतं की आपलं सगळं झालं. त्यात गालगुंडाची लस नव्हती. लहानपणी खासगी डॉक्टरांकडे एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) घेतली असेल तरच गालगुंडापासून संरक्षण. कांजिण्यांचंही तेच, ती लस खासगीतच मिळते.

म्हणून घरी फोन करा आणि आईला लहानपणीचं लसीकरण कार्ड शोधायला सांगा. सापडलं तर त्याचा फोटो मागवा. एमएमआरचे दोन डोस नोंदलेले असतील तर प्रश्न मिटला. नोंद नसेल तर रक्ततपासणीच्या मागे लागू नका. किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घ्या, आधी झालेले असले तरी जास्तीच्या डोसने नुकसान होत नाही. कांजिण्या होऊन गेल्या असतील तर ती लस नको, नसतील तर चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. या दोन्ही जिवंत विषाणूच्या लसी आहेत: गरोदरपणात आणि प्रतिकारशक्ती फार कमी असताना द्यायच्या नाहीत, आणि घेतल्यानंतर महिनाभर गर्भधारणा टाळायची. दोन्ही एकाच दिवशी घेता येतात, नाहीतर मध्ये चार आठवडे जाऊ द्यावे लागतात.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी हे वाचून लगेच कामाला लागावं. बऱ्याच विद्यापीठांना एमएमआरच्या दोन डोसची नोंद लागते, आणि काहींना क्षयरोगाची त्वचेवरची तपासणीही. एमएमआरमुळे त्या तपासणीचा निकाल काही काळ चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो. दोन्ही एकाच दिवशी करा, किंवा लसीनंतर चार आठवडे थांबून तपासणी करा. व्हिसाच्या धावपळीत जुलैत हे लक्षात आलं की दिवस पुरत नाहीत.

फ्लूची लस कधी घ्यायची

लस टोचल्यापासून संरक्षण उभं राहायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे पुण्यासाठी मी मेचा शेवट ते मध्य जून हा काळ धरते. पण मुलांचं वर्ष तसं चालत नाही. एप्रिल-मेमध्ये सेमची परीक्षा असते, शेवटचा पेपर दिला की मुलं त्याच रात्रीच्या बसने गावी जातात आणि जूनमध्ये परत येतात. घरी जाण्याआधी नव्या हंगामाची लस बाजारात आली असेल तर शेवटच्या पेपरनंतर घेऊन मगच निघा. गावाकडे लस सहज मिळत नाही. जमलं नाही तर परत आल्यावर पहिल्या आठवड्यात. जुलै उजाडला तरी उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका, ऑगस्टमध्ये घेतलेल्या लसीचाही उपयोग होतो. सध्या बरंच तापलेलं अंग असेल तर बरे होईपर्यंत थांबा, नुसत्या सर्दीसाठी थांबायची गरज नाही.

कुठे घ्यायची, खोक्यावर काय बघायचं

खासगी डॉक्टर, मोठी खासगी रुग्णालयं आणि काही कॉलेजांची आरोग्य केंद्रं इथे लस मिळते. एका डोसला साधारण दीड-दोन हजार रुपये पडतात. महाराष्ट्र सरकारने २०१५ पासून गरोदर स्त्रिया, मधुमेह आणि उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना फ्लूची लस मोफत देणं सुरू केलं. तुम्ही या गटात असाल तर महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात, कमला नेहरू रुग्णालयात किंवा गणेशखिंडच्या बाजूला राहत असाल तर औंधच्या जिल्हा रुग्णालयात विचारा. जाण्याआधी फोन करून साठा आहे का ते बघा.

केमिस्टकडून लस स्वतः विकत घेऊन, पिशवीत घालून, दुचाकीवरून दवाखान्यात नेऊ नका. ती २ ते ८ अंश तापमानातच राहावी लागते. डॉक्टरांनीच मागवलेली बरी.

टोचण्याआधी खोका हातात मागून घ्या, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. मुदतीची तारीख बघा. मग हंगाम बघा. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतले विषाणू ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये पुढच्या वर्षीच्या दक्षिण गोलार्धासाठी. खोक्यावर वर्ष आणि ‘नॉर्दर्न’ किंवा ‘सदर्न हेमिस्फिअर’ असं छापलेलं असतं, कधी नुसतं ‘एनएच’ किंवा ‘एसएच’. पुणं उत्तर गोलार्धात असलं तरी आपल्या पावसाळ्याच्या तोंडावर सर्वांत ताजी असते ती दक्षिण गोलार्धाची, चालू वर्षाची लस. मे-जूनमध्ये तीच मागा. गेल्या हिवाळ्याचा शिल्लक साठा सवलतीत देतो म्हणाले, तर नको म्हणा.

तीन घटकांची की चार घटकांची, या प्रश्नात वेळ घालवू नका. चौथा घटक ज्या बी-यामागाता विषाणूसाठी होता, तो मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने आढळलेला नाही, म्हणून आता तीन घटकांचीच शिफारस आहे. जी ताजी मिळेल ती घ्या. नाकात फवारायची लस मिळत असेल तर लक्षात ठेवा, ती जिवंत विषाणूची असते. गरोदरपणात, दम्यात आणि प्रतिकारशक्ती कमी असताना ती चालत नाही, तिथे इंजेक्शनच.

फ्लूच्या बहुतेक लसी कोंबडीच्या अंड्यात वाढवलेल्या विषाणूपासून बनतात. अंड्याचं वावडं असलेल्यांनाही आता ही लस देता येते, फक्त ते डॉक्टरांना आधी सांगा. कट्टर शाकाहारी मुलं हे मला थेट विचारतात आणि मी लपवत नाही. लस टोचण्याच्या वेळी अंडं म्हणून त्यात काही उरत नाही, प्रथिनाचा अगदी सूक्ष्म अंश असू शकतो. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण माहिती पूर्ण मिळाल्यावर.

टोचण्याच्या दिवशी

उपाशी येऊ नका. आषाढीचा किंवा श्रावणी सोमवारचा उपास असेल तर दूध, फळं, शेंगदाण्याचा लाडू असं काही खाऊन आणि पाणी पिऊन या. तरुण मुलांमध्ये सुई बघून चक्कर येणं सर्रास होतं, आणि त्यात सगळ्यांत धडधाकट दिसणारा मुलगाही असतो. लस बसूनच घ्यायची, पूर्वी चक्कर आली असेल तर झोपून. सैल बाहीचा शर्ट घाला. ज्या हाताने लिहिता किंवा ढोल वाजवता, त्याच्या दुसऱ्या दंडात घ्या.

नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसा. गंभीर अॅलर्जी फार दुर्मीळ आहे, पण आली तर बहुधा याच वेळात येते आणि उपचार हाताशी लागतात. पूर्वी कोणत्याही लसीची तीव्र प्रतिक्रिया आली असेल तर अर्धा तास. पुढचे एक-दोन दिवस दंड दुखतो, अंग कसकसतं, थोडा ताप येतो, लागल्यास पॅरासिटामॉल घ्या. इंजेक्शनच्या लसीत मेलेला विषाणू किंवा त्याचे तुकडे असतात, त्यातून फ्लू होऊच शकत नाही. लस घेतली आणि चार दिवसांनी आजारी पडलो असं होतं, तेव्हा संसर्ग आधीच झालेला असतो किंवा विषाणू दुसराच असतो.

‘लसीने जीबीएस होतो का?’

जीबीएस म्हणजे गिया-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडू शकतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात त्याची साथ आली, त्यानंतर हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांची भीती खरी आहे. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात कितीतरी मुलं भाड्याने राहतात, ओळखीचं कोणीतरी व्हेंटिलेटरवर गेलेलं त्यांनी ऐकलं किंवा पाहिलं आहे. त्या साथीचा संबंध लसीशी नव्हता. बऱ्याच रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा पोटात जाणारा जिवाणू सापडला आणि रोख दूषित पाण्याकडे होता.

फ्लूच्या लसीनंतर जीबीएसचा धोका वाढत असेल तर तो दहा लाख डोसमागे एक-दोन रुग्ण इतका आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका वेगळ्या लसीनंतर तो लाखामागे एक इतका दिसला होता, या भीतीचं मूळ तिथे आहे. खुद्द फ्लूच्या आजारानंतरही जीबीएस होतो, आणि लसीपेक्षा जास्त प्रमाणात. तरीही ज्याला पूर्वी फ्लूची लस घेतल्यापासून सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झाला असेल, त्याने न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय पुन्हा घेऊ नये. ज्याला २०२५ च्या साथीत झाला, त्यानेही आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

कॉलेजात शिबिर घ्यायचं असेल तर

राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) कार्यक्रम अधिकाऱ्यांनी आणि रेक्टरनी एप्रिलमध्येच एखाद्या रुग्णालयाशी बोलणी सुरू करावीत. एकत्र मागणीला दर कमी होतो. तारीख जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली, पालखीच्या मुक्कामाचे दिवस सोडून, कारण तेव्हा रस्ते बंद असतात आणि लसीची गाडी अडकते. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी पालकांची सही आधी गोळा करा, त्या दिवशी फोनवर ‘हो’ घेऊन चालत नाही.

शीतपेटीवर माझं सर्वांत जास्त लक्ष असतं. फ्रीजरमधून काढलेल्या आइसपॅकला लगेच लस टेकवली तर ती गोठते, आणि गोठलेली फ्लूची लस निकामी होते. बाहेरून बघून मात्र काही कळत नाही. आइसपॅक बाहेर ठेवायचा आणि अधूनमधून कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच तो पेटीत ठेवायचा. पेटीत थर्मामीटर हवा आणि झाकण गरजेपुरतंच उघडायचं. मी शिबिराला गेले की हा आवाज स्वतः ऐकते.

डॉक्टर प्रत्यक्ष हजर हवा, गंभीर अॅलर्जीसाठी अॅड्रिनॅलिनची अँप्यूल फोडायला तयार हवी, थांबण्यासाठी खुर्च्या आणि झोपवण्यासाठी एक कॉट हवी. वापरलेल्या सुया पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. प्रत्येकाला ब्रँड, बॅच नंबर आणि तारीख लिहिलेलं कार्ड द्यायचं आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून घ्यायला लावायचा.

यादी कोणाची करायची, हे मला मनापासून सांगायचं आहे. प्राध्यापकांना खर्च परवडतो, मुलांना घरून पैसे येतात. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी, रात्रीचे वॉचमन काका, झाडूवाल्या ताई बहुतेक कंत्राटी असतात, कित्येकांना मधुमेह आणि रक्तदाब असतो, आणि एका दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. रोज शेकडो मुलांच्या संपर्कात येणारी हीच माणसं यादीतून सुटतात. त्यांचा खर्च कॉलेजने करावा आणि शिबिराची वेळ त्यांच्या पाळीप्रमाणे ठेवावी, मेसचं काम आटोपल्यावर दुपारी तीनला. त्यांची मुलं नऊ वर्षांखालची असतील आणि पहिल्यांदाच लस घेत असतील, तर त्यांना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, हेही त्यांना तेव्हाच सांगा.

लस घेऊनही आजारी पडलात तर

पुण्यात पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लूचा नसतो, त्याच महिन्यांत डेंगीही असतो. निदान होईपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच घ्या. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन टाळा, डेंगी निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक घेऊ नका, विषाणूवर त्याचा उपयोग नाही.

साध्या सर्दी-तापाला तपासणी लागत नाही. खोलीत राहा, पाणी प्या, मास्क लावा आणि पॅरासिटामॉल न घेता चोवीस तास ताप नसेल तेव्हाच वर्गात या. पंचाहत्तर टक्के हजेरीच्या धास्तीने मुलं तापात प्रॅक्टिकलला येतात आणि अख्खी बॅच आजारी पडते. विभागप्रमुखांनी जूनमध्येच नोटीस लावावी की तापाच्या दिवसांची प्रॅक्टिकल नंतर भरून घेतली जातील.

दमा, मधुमेह, गरोदरपण किंवा वर सांगितलेला कोणताही धोका असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ऑसेल्टामिविर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत उपयोगी पडतं, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं.

धाप लागणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, ओठ किंवा नखं निळसर होणं, गुंगी येणं, ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणं, किंवा उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा जोरात चढणं, यातलं एकही दिसलं तर रुग्णालय गाठायचं. रात्री झालं तर सकाळच्या ओपीडीची वाट न बघता १०८ ला फोन करा. बरोबर जाणाऱ्या रूममेटकडे लसीच्या कार्डाचा फोटो, चालू औषधांची नावं आणि आई-वडिलांचा नंबर आहे ना, ते रेक्टरनी निघण्याआधी बघून घ्यावं.